घरपोच धडा आणि अभ्यासाची जागा

वेबपाने तयार करण्याचा महाविद्यालयीन अभ्यासक्रम आज साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या विद्यार्थ्याला घरबसल्या करता येतो. नाव नोंदवायचे, चित्रफिती पाहायच्या, स्वाध्याय पाठवायचे आणि शेवटी परीक्षा द्यायची. शिकवणारी संस्था मुंबईत आहे की सातासमुद्रापार, याला फारसे महत्त्व उरलेले नाही. असा अभ्यासक्रम करावा का, त्यातून खरेच काही हाती लागते का, हे प्रश्न विद्यार्थी आणि पालक आपल्यालाच, म्हणजे शिक्षकांनाच विचारतात. उत्तर जाहिरातीत सापडत नाही. ते बऱ्याच अंशी इतिहासात सापडते. धडा घरी पोहोचवण्याची खटपट संगणकाच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिच्यातला एक महत्त्वाचा अध्याय याच दोन जिल्ह्यांशी जोडलेला आहे.

टपालाने गेलेला धडा

इ. स. १८४० मध्ये इंग्लंडमध्ये देशभर एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय झाली. लघुलिपीची स्वतःची पद्धत तयार करणारा आयझॅक पिटमन याने तिचा लगेच उपयोग करून घेतला. तो विद्यार्थ्यांना टपालाने धडे पाठवी, विद्यार्थी तो मजकूर लिहून परत पाठवीत आणि पिटमन चुका दुरुस्त करून कागद पुन्हा रवाना करी. छापील पुस्तक घरी नेऊन वाचण्याची सोय त्याआधीही होती. नवी गोष्ट होती ती विद्यार्थ्याचा कागद परत येण्याची. म्हणून दूरशिक्षणाचा इतिहास सांगताना पिटमनचे नाव घेतले जाते.

हिंदुस्थानात १८५४ साली अंतर कितीही असले तरी हलक्या पत्राला अर्धा आणा असा सरसकट दर ठरला. स्वस्त टपाल आले, पण पत्राद्वारे पदवीचे शिक्षण द्यायला आपल्याकडे आणखी शंभरावर वर्षे लागली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये ते सुरू केले. साधन हाती आल्यावर शिक्षण आपोआप मागून येत नाही, ही या इतिहासातली पहिली नोंद.

आधी जागा, मग धडा

याच काळात साताऱ्यात वेगळ्या दिशेने एक प्रयोग चालू होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्थेचे काम साताऱ्याला आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. सगळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले, हे साताऱ्यात आजही सांगितले जाते.

खेड्यातल्या मुलाची अडचण काय आहे, याचे भाऊरावांनी केलेले निदान आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहे. शाळा नसणे ही एक अडचण होतीच. पण शाळा असली तरी मुलाला राहायला जागा नव्हती, दोन वेळचे जेवण नव्हते, अभ्यासाला निवांत तास नव्हता आणि बरोबर अभ्यास करणारे कोणी नव्हते. वसतिगृहाने या चारही गोष्टी पुरवल्या. पुढे १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, ते 'कमवा आणि शिका' या योजनेच्या आधारावर. याच वर्षी सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, ते आज वालचंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते.

प्रौढांसाठी असाच एक मोठा प्रयत्न सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये झाला. ग्रामशिक्षण मोहीम या नावाने तो प्रसिद्ध आहे. गावातल्या शाळेचे शिक्षक आणि शिकलेली मुले यांनी गावातच रात्रीचे वर्ग घ्यायचे आणि सारे गाव साक्षर करायचे, अशी तिची मांडणी होती. ही मोहीम नंतर राज्यभर पसरली. येथे शिकणारा वसतिगृहात गेला नाही, वर्गच त्याच्या दारी आला. पण धड्याबरोबर शिकवणारा माणूसही आला. नवसाक्षराच्या हाती पुढे वाचायला काही पडले नाही तर शिकलेले अक्षर पुसले जाते, हा साक्षरता-प्रसाराचा सार्वत्रिक अनुभवही या निमित्ताने ध्यानात ठेवायला हवा.

देवराष्ट्र्याच्या सुपुत्राच्या नावाचे विद्यापीठ

यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले, त्यामुळे आज देवराष्ट्रे सांगली जिल्ह्यात आहे. यशवंतरावांचे शालेय शिक्षण कऱ्हाडला झाले, ते साताऱ्यात. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांचा त्यांच्यावर हक्क पोहोचतो. महाराष्ट्राचे मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झाले, त्याला त्यांचे नाव दिले गेले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीदवाक्य. डॉ. राम ताकवले हे पहिले कुलगुरू. पुढे ते दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले.

शाळा अर्धवट सुटलेली गृहिणी, कारखान्यातला कामगार, शेतात राबणारा तरुण यांना पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीकडे जाता येईल, अशी वाट या विद्यापीठाने मोकळी केली. ब्रीदवाक्यात घरोघरी असले तरी व्यवस्था केवळ घरापुरती ठेवलेली नव्हती. पुस्तके मराठीत आणि एकट्याने वाचता येतील अशी लिहिली गेली. मजकुराच्या अधूनमधून प्रश्न घालून वाचकाला थांबवले जाई. जागोजागच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे उघडली. सुट्टीच्या दिवशी तेथे संपर्कसत्रे होत आणि शंका सोडवायला संमंत्रक नेमलेले असत. घरी पुस्तक, गावाजवळ केंद्र आणि केंद्रात माणूस, अशी ही त्रिसूत्री होती.

वेबचे पान

मुक्त विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी, मार्च १९८९ मध्ये, जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी एक प्रस्ताव मांडला. जगभरच्या शास्त्रज्ञांचे कागद एकमेकांना जोडून कोणत्याही संगणकावर वाचता यावेत, ही त्यामागची गरज होती. त्यातून वर्ल्ड वाइड वेब उभे राहिले. १९९१ मध्ये ते बाहेरच्यांसाठी खुले झाले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र कोणालाही विनामूल्य वापरण्याची मुभा दिली.

वेबपान ज्या भाषेत लिहितात तिला एचटीएमएल म्हणतात. ती गणिती अर्थाने आज्ञावलीची भाषा नव्हे, ती खुणांची भाषा आहे. मुद्रितशोधक जसा हस्तलिखितावर 'हे शीर्षक', 'येथे नवा परिच्छेद' अशा खुणा करतो, तशाच खुणा मजकुराच्या आधी आणि नंतर कोनदार कंसात लिहायच्या. त्या वाचून ब्राउझर पान मांडतो. पानाची सजावट सीएसएस या दुसऱ्या भाषेत लिहितात. तिचे पहिले प्रमाणरूप १९९६ मध्ये ठरले. पानाला हालचाल आणि विचारशक्ती देणारी जावास्क्रिप्ट १९९५ ची.

या विषयाचे एक वैशिष्ट्य असे, की तयार पानाची मूळ लेखनप्रत ब्राउझरमध्येच उघडून पाहता येते. हॉटेलात जेवावे आणि कृतीही ताटाशेजारी मांडलेली असावी, तसे हे आहे. वेबच्या सुरुवातीच्या काळात असंख्य लोक दुसऱ्याचे पान उघडून, त्यात फेरफार करून पाहत हे तंत्र शिकले.

पण ते शिकायला आधी पान आपल्यापर्यंत यायला हवे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले, तेही प्रथम महानगरांत. त्या वेळच्या एका प्रचलित वेगाचा हिशोब विद्यार्थ्यांकडून करून घेण्यासारखा आहे. सेकंदाला ९,६०० बिट म्हणजे १,२०० बाइट. ३०,००० बाइटचे साधे पान यायला २५ सेकंद लागतील. पाच कोटी बाइटची दहा मिनिटांची चित्रफीत यायला लागतील ४१,६६७ सेकंद, म्हणजे साडेअकरा तासांहून अधिक. त्या वेगात आजच्या पद्धतीचा चित्रफितींचा अभ्यासक्रम शक्यच नव्हता.

दुसरी अडचण लिपीची. नव्वदीच्या दशकात बहुतेक मराठी संकेतस्थळे स्वतःचा फॉन्ट वापरत. संगणकाच्या लेखी साठवलेली अक्षरे रोमनच असत. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवी. फॉन्ट नसला की पडद्यावर अर्थहीन चिन्हे उमटत. युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. त्यासाठी इस्की या भारतीय संकेतप्रणालीचा आधार घेतला होता. पण घरोघरच्या संगणकांत युनिकोड रुजायला नवे शतक उजाडले. तोवर वेबपान शिकणाऱ्या मराठी मुलाला आपल्याच भाषेतले पान नीट दाखवता येत नव्हते.

वारणाकाठचा धडा

वारणा नदी सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांची सीमा आहे. तिच्या दोन्ही काठांवरच्या सुमारे ७० गावांत १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी संस्था, केंद्र सरकार आणि राज्य सरकार यांनी मिळून संगणकांचे जाळे उभारले. 'वायर्ड व्हिलेज' या नावाने तो प्रकल्प जगभर गाजला. शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी योजना आणि शिक्षण, हे सारे खेड्यातल्या केंद्रातून मिळावे अशी कल्पना होती.

प्रत्यक्षात शेतकरी केंद्रात येत ते प्रामुख्याने कारखान्याशी असलेल्या व्यवहारासाठी. उसाचे वजन किती भरले, खत किती उचलले, पैसे किती निघतात, हे त्यांना हवे असे. २००७ च्या सुमारास संशोधकांनी काही गावांत हीच माहिती साध्या मोबाइलवर लघुसंदेशाने देऊन पाहिली. ते काम स्वस्तात आणि चांगले झाले. यंत्र गावात आले की लोक त्यावर आपोआप शिकू लागतात, ही समजूत येथे खरी ठरली नाही. शेतकऱ्याने यंत्राचा उपयोग आपल्या गरजेपुरता केला, आणि त्यात त्याचे काही चुकले नाही. शिक्षण व्हायचे तर त्यासाठी वेगळी योजना, वेगळा वेळ आणि वेगळा माणूस लागतो.

अशी योजना २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने आखली. पडद्यावर मराठीतून धडा, हाताखाली कळफलक, शेजारी मार्गदर्शक आणि ठरलेली रोजची वेळ. तालुक्याच्या गावीच नव्हे तर मोठ्या खेड्यांतही केंद्रे निघाली. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने दहा-दहा मिनिटांचे संगणकाचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले. अर्ध्या पडद्यावर धडा चालू ठेवायचा, उर्वरित अर्ध्यावर तीच कृती स्वतः करायची, ही त्यांची पद्धत.

कितीजण शेवटपर्यंत पोहोचतात?

२०१२ च्या सुमारास अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांनी हजारो विद्यार्थ्यांसाठी एकाच वेळी चालणारे खुले अभ्यासक्रम आणले. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी पहिल्या वर्षातील आपल्या १७ अभ्यासक्रमांचा हिशोब प्रसिद्ध केला. नोंदण्या ८,४१,६८७. प्रमाणपत्रे ४३,१९६. म्हणजे शंभरातले सुमारे पाच. नोंदणीनंतर एकदाही धडा न उघडलेल्यांची संख्या २,९२,८५२ होती. यातले बरेच जण केवळ डोकावायला आलेले असणार, त्यांना नापास म्हणणे योग्य नव्हे. तरीही जो खरोखर शिकायला आला आणि वाटेत थांबला, त्याचे काय झाले हा प्रश्न उरतोच.

भारतात आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांच्या एनपीटीईएल उपक्रमाने २०१४ पासून प्रमाणपत्रांचे ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केले. ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम्' हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांत सत्रातील २० टक्क्यांपर्यंत आणि २०२१ च्या नियमांत ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून घेण्यास मान्यता दिली. येथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. एनपीटीईएलने महाविद्यालयांत स्थानिक शाखा काढल्या, त्यांत एका प्राध्यापकाला समन्वयक केले, आणि अंतिम परीक्षा केंद्रावर येऊनच द्यावी असे ठरवले. धडा इंटरनेटवर असूनही केंद्र आणि माणूस पुन्हा आले. मुक्त विद्यापीठाची जुनी त्रिसूत्री येथे नव्या वेषात दिसते.

चूक दाखवणार कोण?

आता वेबपानाच्या अभ्यासक्रमाकडे परत येऊ. संगणकाच्या विषयात चूक यंत्रच दाखवते, मग शिक्षक कशाला, असे अनेकांना वाटते. एचटीएमएलच्या बाबतीत हे नेमके उलट आहे. या भाषेतली चूक ब्राउझर बहुधा दाखवत नाही, तो ती सांभाळून घेतो. खूण चुकली तर तो अंदाज बांधतो आणि काहीतरी मांडून देतो. विद्यार्थ्याला वाटते, आपले बरोबर आले.

काही उदाहरणे पाहू. चित्राच्या खुणेत त्याचे शब्दांतले वर्णन लिहायचे राहिले, तरी डोळस माणसाला पान पूर्ण दिसते. दृष्टिहीन वाचकाला मात्र तेथे काय आहे ते कळत नाही. पानाची भाषा मराठी असल्याची नोंद केली नाही, तर मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तो हिंदीच्या उच्चारांनी वाचू शकते. 'चमचा' आणि 'चहा' यांतल्या 'च' चा फरक त्याला कसा कळणार? अक्षरसंकेताची नोंद विसरली, तर आपल्या संगणकावर सुरेख दिसलेले पान दुसऱ्याच्या संगणकावर चिन्हांची खिचडी होऊ शकते. या तीन्ही चुका लिहिणाऱ्याच्या पडद्यावर दिसत नाहीत. त्या दिसायला दुसरा माणूस आणि दुसरा संगणक लागतो.

आणखी एक अडचण साधनाची. २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि खेड्यातल्या मुलाच्या हाती चित्रफितींचे भांडार आले. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा अनेक मुलांचा वर्ग याच छोट्या पडद्यावर भरला. पण मोबाइलवर धडा पाहणे जितके सोपे, तितकेच त्यावर ओळीमागून ओळी लिहिणे कठीण. अर्ध्या पडद्यावर पाहायचे आणि अर्ध्यावर करायचे, ही पद्धत तेथे चालत नाही. पाहून समजले असे वाटते, आणि लिहायला बसल्यावर काही सुचत नाही. पोहण्याची चित्रफीत पाहून कृष्णेत उडी मारण्यासारखेच हे आहे. फरक इतकाच, की येथे बुडणारा कोणाला दिसत नाही. तो फक्त अभ्यासक्रम सोडून देतो, आणि हा विषय आपल्या आवाक्यातला नाही असे मनाशी ठरवतो. सर्वांत मोठे नुकसान आहे ते हे. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आहे, संगणक आहे आणि विचारायला वडीलधारे आहे, तो तरून जातो. ज्याच्यासाठी हे शिक्षण घरपोच केले म्हणून आपण अभिमान बाळगतो, तोच मागे राहण्याचा धोका अधिक.

शिक्षकांनी काय करावे?

यासाठी शिक्षकाला वेबपानांचे शास्त्र पूर्ण यायलाच हवे असे नाही. भाऊरावांचे स्वतःचे शालेय शिक्षणही फार पुढे गेलेले नव्हते. त्यांनी शिकणाऱ्यासाठी परिस्थिती निर्माण केली. आपल्या शाळेपुरते एवढे करता येईल.

पहिले म्हणजे, ठरलेला तास आणि ठरलेली जागा. आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटल्यावर संगणकाची खोली तासभर उघडी ठेवावी. एचटीएमएल शिकायला सतत इंटरनेट लागत नाही. साधा मजकूर लिहिण्याचे सॉफ्टवेअर आणि ब्राउझर, एवढे प्रत्येक जुन्या संगणकातही असते. धडे आधी उतरवून घेता येतात.

दुसरे, एका संगणकावर दोघांना बसवावे. एकाने लिहावे, दुसऱ्याने पाहत चुका सांगाव्यात, आणि अर्ध्या तासाने जागा बदलाव्यात. कोठे अडले ते वहीत लिहून ठेवावे.

तिसरे, पान कशाविषयी करायचे ते गावातून घ्यावे. शाळेच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी, गावातल्या विहिरींची उन्हाळ्यातली पातळी, परिसरातल्या झाडांची मराठी नावे, असे विषय घेतले की पानाला वाचक मिळतो. माणमधल्या आणि जतमधल्या पावसाच्या आकड्यांची महाबळेश्वरच्या आकड्यांशी तुलना करणारा तक्ता मुलांनी स्वतः मांडला, तर भूगोल आणि खुणांची भाषा एकदमच पक्की होईल.

चौथे, महिन्यातून एकदा प्रत्येकाने आपले पान दुसऱ्याच्या संगणकावर उघडून सर्वांना दाखवावे. पिटमनचा दुरुस्त केलेला कागद जे काम करत होता, ते येथे वर्गमित्र करतील.

आपल्या शाळेत किंवा महाविद्यालयात असा ऑनलाइन अभ्यासक्रम करणारे दोन-चार विद्यार्थी बहुधा असतीलच. त्यांना एवढेच विचारून पाहावे, की तुम्ही लिहिता कोठे बसून, आणि तुमची चूक तुम्हांला कोण दाखवते? दुसऱ्या प्रश्नाला 'कोणी नाही' असे उत्तर आले, तर तेथून आपले काम सुरू होते.